समुद्रघोड्याच्या पिल्लांचा पहिला घास

१९८८ सालच्या मे महिन्यातली गोष्ट. रोह्याला लागून असलेल्या वरसे गावात तेव्हा आमचे बिऱ्हाड होते. ओटीवर दीड फूट लांबीची एक काचपेटी होती आणि तीत गप्पी मासे असत. एके दिवशी रेवदंड्याहून ओळखीच्या कोळीणबाईंचा मुलगा एस.टी.ने आला. हातात झाकणाचा डबा, डब्यात समुद्राचे पाणी आणि पाण्यात एक जिवंत समुद्रघोडा. जाळ्यात आला होता. "मास्तर, पोरांना दाखवा," एवढे सांगून तो परतीच्या गाडीने गेलासुद्धा.

गप्पींना बादलीत हलवले, पेटी धुतली आणि पाहुण्याला तीत सोडले. त्याचे पोट चांगलेच फुगलेले होते. आम्ही सर्वांनी ती मादी आहे असे ठरवून टाकले. तिसऱ्या दिवशी पहाटे पाहतो तर पाण्याच्या पृष्ठभागाजवळ दोऱ्याच्या तुकड्यांसारखे शे-दीडशे जीव तरंगत होते. भिंगातून पाहिले, तर प्रत्येक तुकड्याला घोड्याचे तोंड होते आणि वळलेली शेपटी होती. बातमी गावभर झाली. सुट्टी असूनही मुलांची रांग लागली.

पुढचे चार दिवस आठवले की आजही वाईट वाटते. उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून गाळून पाण्यात सोडला. माशांचे कोरडे खाद्य खलबत्त्यात कुटून टाकले. पिल्लांनी त्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. बलक नासला, पाणी गढूळ झाले, आणि चौथ्या दिवशी संध्याकाळी पेटीत एकही पिल्लू जिवंत नव्हते. आठवड्याने मोठा प्राणीही गेला. तो नर होता, म्हणजे पिल्लांचा बाप होता, हे मला फार नंतर कळले. त्या गर्दीत सातवीतल्या एका मुलीने विचारले होते, "गुरुजी, समुद्रात यांना कोण भरवतं?" या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. पुढे वाचत गेलो तेव्हा ध्यानात आले, की या एका प्रश्नापाशी जगभरातले मत्स्यालयवाले जवळजवळ शंभर वर्षे अडले होते. आणि त्यांना जे उत्तर सापडले, ते आमच्या घरापासून काही तासांच्या अंतरावर, मिठागरात पोहत होते.

आधी या पिल्लांविषयी थोडे. समुद्रघोडा हा मासाच आहे. त्याला कल्ले आहेत, वाताशय आहे, पाठीवर भराभर हलणारा पक्ष आहे. फक्त खवल्यांच्या जागी हाडांच्या कड्यांचे चिलखत आहे. शास्त्रीय मराठीत त्याला अश्वमीन म्हणतात. भारताच्या किनाऱ्यावर, आपल्या कोकणातही, आढळणाऱ्या एका जातीचे नाव आहे हिप्पोकॅम्पस कुडा. पीटर ब्लीकर या डच लष्करी डॉक्टरने ते १८५२ साली दिले. मलायी भाषेत कुडा म्हणजे घोडा. तळा तालुक्यातल्या कुडा लेण्यांचा या नावाशी काही संबंध नाही. रायगडातली मुले हमखास विचारतात, म्हणून सांगून ठेवतो.

मादी आपली अंडी नराच्या पोटावरच्या पिशवीत घालते. तिथेच ती फळतात. पिशवीचे अस्तर अंड्यांना प्राणवायू पुरवते, आतल्या द्रवातील क्षारांचे प्रमाण सांभाळते, आणि तो द्रव हळूहळू बाहेरच्या समुद्राच्या पाण्यासारखा होत जातो. उबदार पाण्यात दोन-तीन आठवड्यांनी नर आकडी आल्यासारखा वाकून वाकून पिल्ले बाहेर टाकतो. कुडा जातीत ती एका वेळी काहीशे, क्वचित हजारावरही असतात. प्रत्येक पिल्लू सुमारे सात मिलिमीटर लांब असते. इतकी काळजी घेणारा बाप त्यानंतर मात्र त्यांच्याकडे पाहतही नाही. त्या मुलीच्या प्रश्नाचा पहिला अर्धा भाग येथे सुटतो: त्यांना कोणीही भरवत नाही. जन्मल्या दिवसापासून ती स्वतः शिकार करतात. निसर्गात हजारात जेमतेम पाच मोठी होतात असा ढोबळ अंदाज आहे.

शिकारीची तऱ्हा तर पाहण्याजोगी आहे. समुद्रघोड्याला दात नाहीत आणि जठरही नाही. लांब नळीसारखे तोंड भक्ष्याजवळ नेऊन तो ते झटक्यात आत ओढून घेतो. जठर नसल्यामुळे अन्न साठवता येत नाही, ते आतड्यातून भराभर पुढे जाते. म्हणून पिल्लाला दिवसभर, थोड्या थोड्या वेळाने, खात राहावे लागते. शिवाय भक्ष्य हलले पाहिजे. न हलणारी वस्तू म्हणजे अन्न, हे त्याच्या डोळ्यांना कळतच नाही. माझा बलक वाया का गेला ते आता सांगायला नको. थोडक्यात, हवे होते ते असे: अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचे, जिवंत, हलणारे, आणि रोज हजारोंनी मिळणारे काहीतरी. पण ते आणायचे कोठून?

काचेच्या पेटीत जलचर पाळून त्यांचा अभ्यास करण्याची कल्पना तशी अलीकडची आहे. सिसिलीतल्या मेसिना या बंदरात राहणाऱ्या जान व्हिलप्र-पॉवर या बाईंनी १८३२ साली काचेच्या टाक्या करून घेतल्या आणि त्यांत अर्गोनॉट नावाचा, शंखात राहणारा अष्टपाद प्राणी पाळला. हा प्राणी शंख दुसऱ्याचा ढापतो की स्वतः तयार करतो, असा जुना वाद होता. तो स्वतःच तयार करतो, हे त्यांनी टाकीत पाहून सिद्ध केले. पुढे १८५० साली लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनतज्ज्ञाने गोड्या पाण्यातले दोन सोनमासे, एक पाणवनस्पती आणि काही गोगलगायी एकत्र ठेवल्या, आणि पाणी न बदलताही हा संसार टिकतो हे दाखवले. वनस्पती प्राणवायू देते, गोगलगायी कुजकी पाने खातात. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यगृह उघडले, आणि १८५४ साली फिलिप गॉस यांच्या पुस्तकाने ‘अॅक्वेरियम’ हा शब्द घरोघरी पोहोचवला.

या सगळ्यांनी पाणी कसे टिकवायचे ते शिकवले. अन्नाचा प्रश्न मोठ्या माशांपुरता फारसा कठीण नव्हता. कोळंबीचे तुकडे टाकले की भागत असे. नवजात पिल्लांचे काय, हा प्रश्न पुढे उभा राहणार होता.

समुद्रघोड्याच्या बाबतीत तो लवकरच उभा राहिला. सॅम्युएल लॉकवुड हे अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यातले धर्मोपदेशक, पुढे तिथल्या शाळांचे अधीक्षकही झाले. शिक्षणखात्यातला माणूस म्हणून ते मला विशेष जवळचे वाटतात. त्यांनी एक समुद्रघोडा काचपेटीत ठेवला होता. शेपटीने एका शंखाला धरून, पिशवी त्याच शंखावर घासत तो पिल्ले बाहेर टाकताना त्यांनी पाहिला, आणि १८६७ साली ‘अमेरिकन नॅचरलिस्ट’ या नियतकालिकाच्या पहिल्याच खंडात समुद्रघोडा आणि त्याची पिल्ले यांवर लेख लिहिला. पुढेही पेटीतल्या समुद्रघोड्यांना पिल्ले होत राहिली. होणे अवघड नव्हतेच. भरलेल्या पिशवीचा नर सापडला की काम झाले. अवघड होते ते आठवडाभर जगवणे. ज्यांचे घर किनाऱ्यावर होते ते बारीक कापडाची जाळी समुद्रात ओढून प्लवक, म्हणजे पाण्यावर तरंगणारे सूक्ष्म जीव, धरून आणीत. पण वारा उलटा असला किंवा पाऊस लागला की जाळी रिकामी येई, आणि या पिल्लांना एका दिवसाचाही उपास सोसत नाही.

आपल्या देशातले पहिले सागरी मत्स्यालय १९०९ साली मद्रासच्या किनाऱ्यावर उघडले. मुंबईत चर्नी रोडजवळ समुद्रासमोर तारापोरवाला मत्स्यालय उभे राहिले ते १९५१ साली; उद्घाटनाला राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद आले होते. आमच्या पिढीतल्या पुष्कळ शिक्षकांनी सहलीच्या निमित्ताने तिथल्या हिरवट उजेडात मुलांची डोकी मोजत तास काढलेले आहेत. या मत्स्यालयाची तारीख मुद्दाम लक्षात ठेवा. दोनच वर्षांनी याच शहरात घडलेल्या एका शोधाकडे आपल्याला जायचे आहे.

त्यासाठी आधी मिठागरात उतरू. १७५५ च्या सुमारास श्लॉसर नावाच्या गृहस्थांनी इंग्लंडमधल्या लिमिंग्टन येथील मिठागरांत एक सेंटिमीटरभर लांबीचा, अकरा जोड्या पाय हलवीत पाठीवर पोहणारा एक नाजूक प्राणी पाहिला आणि त्याची चित्रे काढली. लिनियसने १७५८ साली त्याला खेकड्यांच्या कुळात घातले. १८१९ साली लीच यांनी त्याला ‘आर्टेमिया सलायना’ असे नाव दिले. कोळंबीचा हा फार दूरचा भाऊ. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे पस्तीस ग्रॅम क्षार असतात. आर्टेमियाला शंभर, दीडशे ग्रॅम असले तरी चालते. तेवढ्या खारट पाण्यात मासा जगत नाही, म्हणजे त्याला खाणाराही उरत नाही. अंगाने मऊ, पळण्यात मंद आणि चिलखत नसलेला हा प्राणी पृथ्वीवर टिकून राहिला तो या एका युक्तीवर.

त्याची दुसरी युक्ती अधिक नवलाची आहे. पाणी आटू लागले की मादी जाड कवचाची अंडी टाकते. खरे तर ते अंडे नव्हे. आतल्या गर्भाची वाढ काही टप्प्यापर्यंत होऊन थांबलेली असते. ही तपकिरी ‘अंडी’ पाव मिलिमीटर आकाराची असतात, एका ग्रॅममध्ये अडीच-तीन लाख भरतात. ती वाळतात, वाऱ्याने उडतात, कोरडी व थंड ठेवली तर वर्षानुवर्षे तशीच राहतात. समुद्राइतक्या खारट, कोमट पाण्यात टाकली की चोवीस तासांत प्रत्येकातून अर्ध्या मिलिमीटरहून थोडा लहान, नारिंगी रंगाचा नॉप्लियस डिंभ बाहेर येतो आणि झटके देत पोहू लागतो. समुद्रघोड्याच्या पिल्लाला हवा तेवढा घास, तोही हलणारा, आणि डबीत भरून फडताळात ठेवता येईल असा!

हे दोन टोकांचे दुवे जुळायला पावणेदोनशे वर्षे लागली. सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टाइनहार्ट मत्स्यालयाचे प्रमुख आल्विन सील यांनी १९३३ साली एक छोटा निबंध प्रसिद्ध केला: माशांच्या पिल्लांना आर्टेमिया हे समाधानकारक जिवंत खाद्य आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराकाठी मोठी मिठागरे आहेत, म्हणजे माल हाताशीच होता. १९३९ साली नॉर्वेच्या गुनार रोलेफसेन यांनी समुद्रातल्या चपट्या माशाची पिल्ले या डिंभांवर वाढवून दाखवली. पुढे ही अंडी डबाबंद होऊन विकली जाऊ लागली. अमेरिकेत १९६० च्या दशकात पोराटोरांच्या चित्रकथांच्या मासिकांत टपालाने समुद्रघोडे पाठवण्याच्या जाहिराती येत, आणि सोबत खाद्य म्हणून आर्टेमियाच्या अंड्यांची पुडी असे. ते फ्लोरिडातले बुटके समुद्रघोडे होते. त्यांची पिल्ले पहिल्या दिवसापासून आर्टेमिया खाऊ शकतात, म्हणून हा धंदा जमला. टपालात किती मेले असतील ते विचारू नये.

आता मुंबईकडे. डॉ. चं. वि. कुळकर्णी हे मुंबई राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्यातले शास्त्रज्ञ, पुढे खात्याचे संचालक झाले. नाव अनेकांना ठाऊक असेल ते लोणावळ्याच्या महसीर माशामुळे. तिथल्या टाटांच्या तलावांवर त्या माशाच्या कृत्रिम प्रजननाचे मोठे काम त्यांनी केले. पण त्याआधी, १९४० साली, त्यांनी आपल्या किनाऱ्यावरच्या खाड्यांमध्ये राहणाऱ्या एका पारदर्शक, बोटाच्या पेराएवढ्या माशाचे वर्णन प्रसिद्ध केले होते. सुंदरलाल होरा आणि डॉ. सेटना या दोन मत्स्यतज्ज्ञांच्या नावांवरून त्यांनी त्याला ‘होराइक्थिस सेटनाय’ हे नाव दिले. या माशातल्या नराला शुक्रपेशींची पुडी मादीच्या शरीराला चिकटवण्यासाठी खास अवयव असतो. तळहातावर घेतला तर दिसणारही नाही अशा जिवाचे इतके बारकावे ज्याने टिपले, त्या माणसाला मिठागराच्या पाण्यातली वळवळ दिसली यात मला आश्चर्य वाटत नाही.

१९५३ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकाच्या ५१ व्या खंडात कुळकर्णींची दोन पानी टीप आली. विषय: भारतात आर्टेमियाचा शोध. ठिकाण होते मुंबईतल्या वडाळ्याचे मिठागर. म्हणजे जो प्राणी जगभरच्या माशांच्या पिल्लांचे अन्न ठरत होता, तो आपल्या देशात आहे याची छापील नोंद होण्यासाठी १९५३ साल उजाडले. पाच वर्षांनी राजस्थानातल्या सांभर सरोवरातूनही त्याची नोंद झाली. पुढे भाईंदर, भांडुप, गुजरातचा किनारा, तुतिकोरीन अशी यादी वाढत गेली.

‘शोध’ हा शब्द येथे थोडा जपून वापरायला हवा. वडाळ्यापासून उरण, पनवेल, पेणपर्यंत मीठ पिकवणारी माणसे पिढ्यान्‌पिढ्या त्याच पाण्यात घोट्यापर्यंत उभी होती. आगरी हे नावच मुळी आगरावरून, म्हणजे मिठागरावरून आले असे मानतात. मिठागराची रीत अशी: उधाणाच्या भरतीला खाडीचे पाणी बांधाच्या उघाडीतून आत घ्यायचे, एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात सोडत उन्हाने आटवत न्यायचे, आणि मूळच्या पाण्याचा जेमतेम दहावा भाग उरला की मीठ धरू लागते. मधल्या वाफ्यांत, जिथे पाणी समुद्राच्या तिपटी-चौपटीने खारट झालेले असते पण मीठ अजून धरलेले नसते, तिथे आर्टेमियाचे राज्य. त्याच सुमारास पाण्याला तांबूस झाक येते. तिच्यात सूक्ष्म शैवाले, मीठप्रेमी जीवाणू आणि आर्टेमिया या सर्वांचा वाटा असतो.

माझी पिल्ले गेल्यानंतर दोन वर्षांनी, एप्रिलच्या उन्हात, मी पेणच्या खारेपाटातल्या एका बांधावर उभा होतो. कामावर असलेल्या आजोबांना तांबूस पाण्याबद्दल विचारले. ते वाकले, ओंजळभर पाणी घेतले आणि माझ्यापुढे धरले. "हे किडे. हे दिसले की समजायचं, पाणी तयार होत आलं." ओंजळीत पंधरा-वीस आर्टेमिया उलटे पोहत होते. त्यांना मिठाची चाहूल देणारी खूण म्हणून तो प्राणी माहीत होता. माशाच्या पिल्लाचा घास म्हणून तो माहीत असण्याचे त्यांना कारणच नव्हते. आणि मला घास हवा होता, पण मी कधी मिठागरात वाकून पाहिले नव्हते. कुळकर्णींचे मोठेपण हे, की त्यांना दोन्ही बाजू ठाऊक होत्या.

येथे गोष्ट संपली असती तर छान झाले असते. पण आर्टेमिया खाऊनही समुद्रघोड्याची पुष्कळ पिल्ले दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात मरतच राहिली. का, ते कळायला आणखी चाळीस वर्षे गेली. एक कारण घासाच्या आत होते. १९७० च्या दशकात अंड्यांचा तुटवडा झाला आणि निरनिराळ्या देशांतली अंडी बाजारात आली. तेव्हा दिसले, की एका ठिकाणच्या आर्टेमियावर पिल्ले वाढतात, दुसऱ्या ठिकाणच्या आर्टेमियावर पोट भरूनही मरतात. समुद्री माशांच्या पिल्लांना काही विशिष्ट मेदाम्ले अन्नातूनच मिळावी लागतात. समुद्रातल्या प्लवकात ती असतात, मिठागरातल्या आर्टेमियात ती पुरेशी असतीलच असे नाही. जपानी संशोधकांनी आणि बेल्जियममधील गेंट विद्यापीठात पॅट्रिक सॉर्गेलूस यांच्या गटाने यावर बरेच काम केले. उपाय साधा निघाला: डिंभाला तोंड फुटले की त्याला आधी माशाच्या तेलाचे सूक्ष्म थेंब किंवा योग्य शैवाल खाऊ घालायचे, आणि मग तो डिंभ पिल्लाला द्यायचा. घासाला आधी घास भरवायचा! शिवाय नुकताच बाहेर आलेला डिंभ अंगातल्या बलकावर जगतो; तो काही तास उपाशी राहिला की त्याचे पोषणमूल्य घसरते. कवचांचे तुकडे पिल्लाच्या आतड्यात अडकतात, ते वेगळे काढावे लागतात. आणि कुडासारख्या जातींच्या अगदी लहान पिल्लांच्या पोटातून कधीकधी डिंभ न पचता बाहेर पडतात.

मग आर्टेमियाहून लहान, अधिक पचणारे काही हवे. जपानमध्ये ईल माशांच्या तळ्यांत रोटिफर नावाचे सूक्ष्म जीव माजून पाणी बिघडवत, म्हणून लोक त्यांना वैतागलेले होते. ताकाशी इतो यांनी १९६० च्या सुमारास तीच पीडा माशांच्या पिल्लांना खाऊ घालण्याची कल्पना काढली आणि ती चालली. त्याहून चांगले म्हणजे कोपेपॉड, समुद्रातले पिल्लांचे मूळचे अन्न. पण ते पेटीत वाढवणे आजही किचकट आहे.

दुसरे कारण अन्नाशी संबंधित नव्हतेच. जन्मल्यावर पिल्लू वर येऊन हवेचा एक घोट घेते आणि आपला वाताशय भरते. पृष्ठभागावर तेलकट तवंग असेल तर हा घोट चुकतो, आणि ते नीट पोहू शकत नाही. (माझ्या पेटीत बलकाचा तवंग होता.) नंतर उलट धोका: ती उजेडाकडे धावतात, पृष्ठभागाशी राहतात, तोंडाने हवा ओढतात आणि बुडबुडा अडकून तिथेच तरंगत मरतात. म्हणून पेटीच्या बाजू काळ्या करतात, उजेड फक्त वरून देतात, आणि पाणी सावकाश गोल फिरत ठेवतात. त्यासाठी वुल्फ ग्रेव्हे या जर्मन शास्त्रज्ञाने १९६८ साली प्लवकांसाठी केलेली गोल टाकी कामी आली. तिला क्राइझेल म्हणतात. जर्मन भाषेत क्राइझेल म्हणजे भोवरा.

आपल्याकडे गोव्यात दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत कुडा जातीची पैदास आणि पिल्लांची जोपासना यांवर बरीच वर्षे काम झाले. पहिल्या काही दिवसांत पेटीतले पाणी शैवालाने हिरवे ठेवणे आणि नुसत्या आर्टेमियाऐवजी मिश्र प्राणिप्लवक देणे यांचा पिल्लांना फायदा होतो, हे या जातीवरच्या प्रयोगांत दिसून आले. ज्या हिरव्या पाण्याला आपण ‘पेटी घाण झाली’ म्हणून ओतून देतो, ते!

एवढे सगळे कळल्यावर माझ्या मनात आले होते, की पुन्हा एकदा करून पाहावे. आता ते करता येणार नाही, आणि त्याचे कारणही याच इतिहासात आहे. कॅनडाच्या अमांडा व्हिन्सेंट यांनी समुद्रघोड्यांच्या व्यापाराचा माग काढून १९९६ साली अहवाल प्रसिद्ध केला. चिनी औषधांसाठी, शोभेच्या वस्तूंसाठी आणि काचपेट्यांसाठी १९९५ साली किमान दोन कोटी समुद्रघोडे पकडले गेले असावेत, असा त्यांचा अंदाज होता. वाळवलेले समुद्रघोडे निर्यात करणाऱ्या देशांत भारतही होता. जुलै २००१ मध्ये भारत सरकारने समुद्रघोड्यांचे संपूर्ण कूळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातले, म्हणजे वाघाच्या शेजारी. आंतरराष्ट्रीय व्यापारावरचे निर्बंध २००४ सालापासून लागू झाले. आपल्या समुद्रातला समुद्रघोडा परवानगीशिवाय पकडणे किंवा घरी ठेवणे हा आता गुन्हा आहे. या कायद्यावर मच्छीमारांची तक्रार अशी, की आम्ही त्याला धरायला जातच नाही, तो ट्रॉलरच्या जाळ्यात आपोआप येतो आणि वर येईपर्यंत मेलेला असतो. ती तक्रार खोटी नाही. तरीही भरल्या पिशवीचा नर जिवंत असेल तर त्याला परत पाण्यात सोडण्याने शेकडो पिल्लांना आपले नशीब अजमावता येते. रेवदंड्याच्या त्या मुलाला मी तेव्हा हे सांगायला हवे होते. मलाच ठाऊक नव्हते.

मिठागरांचेही पुष्कळ बदलले. उरण-पनवेलकडची बरीचशी नवी मुंबईत आणि न्हावा-शेवा बंदराच्या पसाऱ्यात गेली. पेणकडची अनेक बांध फुटून किंवा परवडेनाशी होऊन बंद पडली. आणि पाण्यातला प्राणीही तोच राहिला नाही. भारतातल्या मूळच्या आर्टेमियात बहुधा सर्व माद्याच असत. नराशिवायच त्यांची पिढी पुढे जाई. कोळंबी-संवर्धनासाठी अमेरिकेहून आणलेली अंडी इथल्या मिठागरांत पोहोचली, आणि तपासणी केली तेव्हा अनेक ठिकाणी अमेरिकेची ‘आर्टेमिया फ्रान्सिस्काना’ ही जात देशी आर्टेमियाची जागा घेताना आढळली. कुळकर्णींनी वडाळ्याला पाहिलेला प्राणी त्यांच्या काळच्या रिवाजाप्रमाणे ‘सलायना’ या नावाने नोंदला गेला. त्याचे वंशज आज कोठे असतील, हे पाहण्यासाठी जुन्या, बाजूला पडलेल्या आगरांत शोध घ्यावा लागेल.

वर्गात समुद्रघोडा दाखवता येणार नाही, पण त्याचा घास दाखवता येतो. शोभेच्या माशांच्या दुकानात आर्टेमियाच्या अंड्यांची लहान बाटली मिळते. एक लिटर पाणी दिवसभर उघडे ठेवा, म्हणजे त्यातला क्लोरीन निघून जाईल. त्यात आयोडीन नसलेले जाडे मीठ तीस-पस्तीस ग्रॅम विरघळवा. चिमूटभर अंडी टाका, काचपेटीच्या पंपाने बुडबुडे सोडत राहा आणि वर एक दिवा लावून ठेवा. कोकणातल्या हवेत चोवीस ते छत्तीस तास पुरतात. थंडीत थोडे जास्त. मग पंप बंद करा, वर्गात अंधार करा आणि बाटलीच्या एका बाजूला विजेरी धरा. रिकामी कवचे वर तरंगतील आणि नारिंगी ठिपक्यांचा ढग विजेरीकडे सरकू लागेल. विजेरी दुसऱ्या बाजूला नेली की ढगही जातो. हे पाहताना मुलांना घाई करू नका.

झाल्यावर ते पाणी खाडीत, नाल्यात किंवा मिठागराजवळ ओतू नका. त्या अंड्यांचे मूळ गाव बहुधा अमेरिकेत असते. डिंभ बारीक फडक्यावर गाळा, साध्या पाण्याने धुवा आणि शाळेतल्या गप्पींच्या पेटीत सोडा. गप्पींची पिल्ले त्यांवर तुटून पडतात, आणि पाच-दहा मिनिटांत त्यांची पारदर्शक पोटे नारिंगी झालेली काचेतून स्पष्ट दिसतात.